शाप आणि मुळाक्षरे

१८९२ च्या सप्टेंबरात कास्तोरियाचे ऑर्थोडॉक्स धर्माध्यक्ष फिलारेतोस यांनी आपल्या अखत्यारीतील गावांना एक परिपत्रक धाडले आणि पेत्रो निनी लुआरासी नावाच्या एका शाळामास्तरास धर्मबहिष्कृत ठरविले. मास्तराचा अपराध हा, की कोलोन्या भागातील डोंगरी खेड्यांत तो मुलांना त्यांच्या घरी बोलल्या जाणाऱ्या अल्बेनियन भाषेत लिहावाचावयास शिकवीत होता. अल्बेनियन अशी भाषाच नाही, असा धर्माध्यक्षांचा दावा होता. जी भाषा नाहीच तिच्यावर शापाचे अस्त्र कशासाठी उपसावे, ही तर्कातील अडचण त्यांना जाणवलेली दिसत नाही. आणि गंमत अशी, की ज्या म्हाताऱ्यांना ग्रीकचा एक शब्द कळत नव्हता, त्यांना या शापाचे गांभीर्य पटवून द्यावयाचे तर ते त्याच अस्तित्वहीन भाषेत सांगावे लागले असणार.

मुळाक्षरांसारख्या निरुपद्रवी वस्तूला एवढे भय का चिकटले, हे समजण्यासाठी उस्मानी सल्तनतीचे दफ्तर उघडून पाहावे लागते. त्या दफ्तरात रयतेची नोंद भाषेवरून होत नसे, धर्मावरून होई. ऑर्थोडॉक्स अल्बेनियन हा कॉन्स्टँटिनोपलच्या ग्रीक कुलगुरूंच्या, म्हणजे पॅट्रिआर्कच्या, सत्तेखालील ‘रूम’ जमातीत मोडे, म्हणून त्याची शाळा ग्रीक. मुसलमान अल्बेनियन हा खलिफाचा, म्हणून त्याची शाळा तुर्की. आणि उत्तरेकडील कॅथलिकाचे डोळे रोमकडे. एका आईच्या पोटच्या भाषेला या तिन्ही रकान्यांत जागा नव्हती. म्हणून ७ मार्च १८८७ रोजी कोर्चा येथे दियामांती तेर्पो याने देऊ केलेल्या घरात, पांदेली सोतिरी याच्या हाताखाली पहिली अल्बेनियन शाळा उघडली, तेव्हा तिच्यासाठी इस्तंबूलच्या शिक्षणखात्यातील नाइम फ्राशेरी या बेक्ताशी नावाच्या मुसलमान सूफी पंथाच्या कवी-अंमलदाराने खटपट केली होती, आणि तिच्या बाकांवर ख्रिस्ती व मुसलमान मुले शेजारी शेजारी बसली. पाटी एक आणि प्रार्थना दोन, हा प्रकार ना सुलतानास परवडणारा होता, ना कुलगुरूंना. लुआरासीही पुढे याच शाळेत शिकवीत होता. १९०२ मध्ये सरकारने ती बंद केली.

तथापि धर्माध्यक्षांची बाजू केवळ दुष्टाव्याची होती असे म्हणून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. १८७० मध्ये सुलतानाच्या फर्मानाने बल्गेरियन चर्च स्वतंत्र झाले, आणि दोनच वर्षांनी कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेने वंशाच्या पायावर चर्च उभारणे हे पाखंड होय, असा निर्णय दिला. तत्त्व म्हणून पाहिले तर हा निर्णय उदात्त आहे: जो देव सर्वांचा, त्याच्या मंदिराची वाटणी रक्ताच्या नात्याने कशी करावी? परंतु निर्णय देणारे स्वतः कोणत्या भाषेत देवाला आळवीत होते, हे विचारले की त्या उदात्ततेला तडा जातो. ज्याची भाषा सर्वत्र चालते त्याला आपली भाषा ही भाषा वाटतच नाही. ती त्याला विश्वाचा स्वाभाविक आवाज वाटते, आणि दुसऱ्याची मात्र वंशाभिमान वाटतो. शिवाय याच पौर्वात्य चर्चने नवव्या शतकात सिरिल आणि मेथोडियस या थेस्सलोनिकीच्या दोघा बंधूंना स्लाव लोकांत पाठविले होते, आणि हिब्रू, ग्रीक व लॅटिन या तीनच भाषांत ईश्वरस्तुती शोभते असे म्हणणाऱ्या पाश्चात्त्य पुरोहितांशी सिरिल व्हेनिसमध्ये वाद घालून आला होता. लुआरासीला शाप देणारे आपल्याच घराण्याचा कुलाचार मोडीत होते.

मात्र मास्तरांनाही एक प्रश्न विचारावाच लागतो. त्यांना देव आपल्या भाषेत हवा होता, की आपली भाषाच देवाच्या जागी? नेगोवान गावचा क्रिस्तो नेगोवानी याचे चरित्र पाहिले की पहिल्या बाजूला कौल द्यावासा वाटतो. रुमानियातील ब्राइला शहरात सुतारकाम करीत असता तो अल्बेनियन लिहावयास शिकला, १८९७ मध्ये गावी परतून स्वतःच्या घरात मुलांना शिकवू लागला, आणि पुढे त्याच गावचा पाद्री झाला. मास्तर आणि पाद्री एकाच देहात आल्यावर वर्गातली भाषा वेदीपर्यंत चालत जाणे अटळच होते. १९०५ च्या फेब्रुवारीत त्याने अल्बेनियन भाषेत उपासना केली आणि त्यानंतर लगेच एका ग्रीक टोळीने त्याला ठार मारले. तो इतर कोणत्या हिशेबाने बोलत असेल असे मला वाटत नाही. त्याच्या गावकऱ्यांना आपण काय मागतो आहोत ते कळावे, एवढीच त्याची हौस दिसते.

लुआरासीने मात्र शापाला उत्तर द्यावयास एकोणीस वर्षे घेतली. १९११ मध्ये मनास्तिर येथे त्याने अल्बेनियन अक्षरांवरील शापाविषयी एक पुस्तक छापले, आणि त्याच वर्षी तो वारला. शाप खोटा आहे हे सिद्ध करावयास त्याला पुस्तकाखेरीज दुसरे साधन सुचले नाही. मास्तराचा पिंडच तसा.

सर्वांचा पिंड तसा नव्हता. नेगोवानीच्या खुनाचा सूड म्हणून १९०६ च्या सप्टेंबरात अल्बेनियन बंडखोरांनी कोर्चाचे धर्माध्यक्ष फोतिओस यांना गोळ्या घातल्या. त्या टोळीचा म्होरक्या बायो तोपुल्ली हा डोंगरात जाण्यापूर्वी मनास्तिरच्या सरकारी विद्यालयात उपमुख्याध्यापक होता.