ओली रास आणि विजेचे बिल



धान्य विकणाऱ्या एका माणसाच्या राशीत पैगंबर मुहम्मद (स.) यांनी हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. धान्य पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग लोकांना दिसेल असे ते वर का ठेवले नाहीस, असा प्रश्न करून पैगंबरांनी (स.) बजावले की, फसवणूक करणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही. सहीह मुस्लिममधील या हदीसवर विचार करावा. पाऊस हा विक्रेत्याचा अपराध नव्हता. ओल झाकणे हा होता.

मुंबई-पुणे आणि मुंबई-गोवा हे मार्ग जेथे विलग होतात, त्या पळस्पे परिसरात जुने घर विकत घेणारा भिंती पाहतो, नळ सोडून पाहतो, कागदपत्रे तपासतो. परंतु वरच्या मजल्यावरील छत मे महिन्यात किती तापते, सदोष वायरिंगमुळे मीटर किती पळते, सोसायटीच्या पंपाचा व लिफ्टचा किती भार माथी येतो, हे तासाभराच्या भेटीत कळत नाही. राशीतील ओल ती हीच.

विक्रेत्याच्या घरात उपकरणे अधिक म्हणून बिल अधिक, हा घराचा दोष नव्हे. मात्र ज्या उणिवेमुळे व्यवहारात वस्तूचे मोल घटते, तिला फिकहमध्ये ‘ऐब’ म्हणतात आणि दडवलेला ऐब उघड झाल्यास सौदा रद्द करण्याचा अधिकार खरेदीदाराला मिळतो.

“त्याने विचारलेच नाही” ही सबब येथे टिकत नाही. ह. उक्बा बिन आमिर (रजि.) यांच्याकडून इब्ने माजामध्ये आलेल्या हदीसनुसार दोष सांगितल्याविना तो माल आपल्या बांधवाला विकणे मुसलमानास हलाल नाही. आपल्या देशाचा 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदाही, सामान्य दक्षता घेऊनही ग्राहकाला दिसणार नाही असा महत्त्वाचा दोष सांगण्याचे बंधन विक्रेत्यावरच घालतो.

म्हणून सौद्यापूर्वी बारा महिन्यांची वीजबिले ग्राहकापुढे ठेवावीत, एप्रिल-मेची वगळू नयेत. घरात माणसे किती होती, हेही सांगावे. घर बंद असतानाचे बिल दाखवून खर्च अल्प भासवणे म्हणजे खऱ्या कागदाने खोटे बोलणे होय. थकबाकी असल्यास ती स्वतः फेडावी.

कदाचित किंमत थोडी उतरेल. परंतु ह. हकीम बिन हिजाम (रजि.) यांच्या हदीसनुसार दोघे खरे बोलले व दोष स्पष्ट केले, तर सौद्यात बरकत होते, लपवले, तर ती पुसली जाते. ज्या घरात आपण नमाज अदा केली, त्या घराची किंमत पुसलेल्या बरकतीने का घ्यावी?

अल्लाह आपणा सर्वांना सचोटीचा व्यवहार करण्याची तौफीक देवो. आमीन.