पायगुण

फुटबॉलमध्ये संघ जिंकला तर अकरा जण जिंकतात. हरू लागला की मात्र एकटा मॅनेजर हरतो. वास्तविक चेंडूला लाथ मारण्याचा अधिकार त्याला नसतो. पांढऱ्या रेषेबाहेर उभे राहून हातवारे करावेत, घसा बसेपर्यंत ओरडावे आणि फार तर दोनचार गडी बदलावेत, एवढेच त्याच्या हाती. पण ओळीने चार सामने गेले की गॅलरीतली हजारो माणसे त्याच्याकडेच बोट दाखवतात आणि एकच प्रश्न विचारू लागतात: याला ठेवायचा, की आता काढायचा?

इंग्लंडातील प्रीमियर लीगचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो. वीस संघ, प्रत्येकाचे ३८ सामने, आणि मे महिन्यात तळाला राहतील ते तीन संघ खालच्या वर्गात. आपल्याकडे माळ्यावरून चकलीचा सोऱ्या खाली येतो, त्या सुमारास तिकडे पाव हंगाम उलटलेला असतो आणि पहिला मॅनेजर घरी गेलेला असतो. फुटबॉलमध्ये ज्यांना रस नाही त्यांनी पान उलटू नये. हंगामाच्या मध्यावर धडपडणाऱ्या माणसाचे काय करावे, हा प्रश्न काही गोऱ्या लोकांच्या खेळापुरता नाही. तो शाळेत येतो, दुकानात येतो, घरात तर येतोच येतो.

आपल्या भाषेत यासाठी एक जुना शब्द आहे: पायगुण. नवी सून उंबरठा ओलांडून आत आली आणि त्याच महिन्यात सासऱ्याला बढती मिळाली, तर तिचा पायगुण चांगला. म्हैस आटली, तर ती पांढऱ्या पायाची. बढतीचे कागद सहा महिन्यांपूर्वीच वर गेले होते आणि म्हैस म्हातारी होती, हे कोणी विचारात घेत नाही. आजच्या सुशिक्षित घरात हा शब्द उच्चारायला आपण लाजतो, आणि ते बरेच आहे. पण शब्द गेला तरी खोड गेलेली नाही. कोट्यवधी पौंडांची उलाढाल करणारे, संगणकावर प्रत्येक खेळाडूचे पाऊल मोजणारे क्लबही शेवटी पायगुणच पाहतात. फक्त तिकडे उंबरठा सून ओलांडत नाही, मॅनेजर ओलांडतो.

२०१७ सालचे क्रिस्टल पॅलेसचे उदाहरण घ्या. लंडनचा हा क्लब. त्यांनी उन्हाळ्यात फ्रँक डी बोअर हा नावाजलेला डच माणूस आणला. लीगचे पहिले चार सामने तो हरला आणि संघाने एकही गोल केला नाही. चौथ्या सामन्यानंतर त्याला काढले. त्याच्या जागी रॉय हॉजसन हे सत्तरीचे अनुभवी गृहस्थ आले. तेही पुढचे तीन सामने हरले, आणि त्या तिन्हींतही गोल शून्य! तेच खेळाडू, तोच निकाल. पण हॉजसनना कोणी काढले नाही. त्यांना वेळ मिळाला आणि हंगामाअखेर संघ अकराव्या क्रमांकावर आला. हॉजसन हे अधिक चांगले मॅनेजर असतील, मी नाकारत नाही. मला एवढेच दिसते की जो धीर दुसऱ्याच्या वाट्याला आला, तो पहिल्याच्या वाट्याला आला नाही.

कोणी म्हणेल, पण बदल केल्यावर संघ सुधारतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. मीही पाहिले आहे. पण असाच प्रकार आपण घरातल्या तापाच्या बाबतीतही पाहतो. पहिल्या डॉक्टरचे औषध तीन दिवस चालते, ताप चढतच जातो. चौथ्या दिवशी मामा येतात आणि म्हणतात, डॉक्टर बदला. दुसरा डॉक्टर येतो, पाचव्या दिवशी ताप उतरतो, आणि आयुष्यभर त्या घरात त्या डॉक्टरच्या हातगुणाची गोष्ट सांगितली जाते. ताप पाचव्या दिवशी उतरणारच होता की काय, हे आता कळायला मार्ग नाही. डॉक्टर बदलण्याची पाळी नेहमी ताप सर्वांत जास्त असतो तेव्हाच येते, आणि सर्वांत जास्त झालेली गोष्ट बहुधा खालीच येते.

हे नुसते तर्कट नव्हे. फार उंच आईबापांची मुले सरासरीने त्यांच्याइतकी उंच निघत नाहीत, असे फ्रान्सिस गॉल्टनने १८८६ मध्ये मापे घेऊन दाखवले. टोकाला गेलेली गोष्ट मध्याकडे परतते, हा त्यातला धडा. बास तेर वील या अर्थशास्त्रज्ञाने हॉलंडच्या फुटबॉलमधील १९८६ ते २००४ या काळातील सामने याच दृष्टीने तपासले. मॅनेजर काढल्यावर संघांचा खेळ सुधारला, हे खरेच निघाले. पण तितक्याच हलाखीत असून ज्या संघांनी आपला मॅनेजर ठेवला, त्यांचाही खेळ जवळजवळ तसाच सुधारला! पायगुणाचे निम्मे माहात्म्य इथेच संपते.

मग मॅनेजरला कधी काढूच नये की काय? धीराचा पुरस्कार करणारे लोक इथे लगेच सर ॲलेक्स फर्ग्युसनचे नाव घेतात. १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये ते मँचेस्टर युनायटेडला आले. तीन वर्षे लीगचे यश नाही. १९८९-९० मध्ये तर संघ तेराव्या स्थानावर घसरला, आणि त्यांना हाकला अशी ओरड झाली. क्लबने त्यांना ठेवले. त्याच हंगामात एफ. ए. कप आला, १९९३ मध्ये लीगचे विजेतेपद आले, आणि २०१३ मध्ये निवृत्त होईपर्यंत अशी तेरा विजेतेपदे झाली. गोष्ट खरी आहे आणि सुंदर आहे. परंतु तिच्यावरून सिद्धांत बांधणे म्हणजे लॉटरी लागलेल्या शेजाऱ्याकडे पाहून पगाराची तिकिटे काढण्यासारखे होईल. ज्यांना धीराने ठेवले आणि जे तरीही बुडाले, त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही, म्हणून त्या घडल्याच नाहीत असे नाही. २०२३-२४ मध्ये बर्नली क्लबने व्हिन्सेंट कोंपनीला शेवटपर्यंत ठेवले आणि संघ खाली गेला. बरे, मग माणूस नालायक ठरला का? त्याच उन्हाळ्यात त्याला जर्मनीच्या बायर्न म्युनिकने बोलावले आणि पुढच्या वर्षी तो तिथे लीग जिंकला! एकच माणूस एका घरात पांढऱ्या पायाचा आणि दुसऱ्या घरात लक्ष्मी.

उलट, बदल करून खरोखर भले झाल्याचीही उदाहरणे आहेत. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ॲस्टन व्हिला तळाजवळ घुटमळत असताना त्यांनी स्टीव्हन जेरार्डला काढले आणि लक्ष्मीपूजनाच्याच दिवशी युनाय एमेरीचे नाव जाहीर केले. संघ हंगामाअखेर सातवा आला आणि पुढच्या वर्षी चौथा. हा नुसता उतरलेला ताप नव्हता. एमेरीला आपल्याला काय करायचे ते ठाऊक होते, आणि ते करायला त्याला वेळ मिळाला.

पण मला सर्वांत अस्वस्थ करते ती लेस्टरची कथा. २०१५-१६ मध्ये क्लॉडिओ रानिएरी या वयस्क इटालियन माणसाने लेस्टर सिटी या साध्या क्लबला लीगचे विजेतेपद मिळवून दिले. हंगामाच्या आरंभी पैजा घेणाऱ्यांनी या घटनेला पाच हजारास एक असा भाव लावला होता. सारे जग हरखून गेले. आणि नऊ महिन्यांनी, २३ फेब्रुवारी २०१७ रोजी, त्याच रानिएरीला काढून टाकले. संघ तेव्हा खाली जाणाऱ्या तीन क्रमांकांच्या जेमतेम एक गुण वर होता. कृतघ्नपणा, असे आपण चटकन म्हणतो. मीही तेच म्हटले असते. पण पुढे काय झाले पाहा. त्याचा सहायक क्रेग शेक्सपिअर याने सूत्रे घेतली, लीगचे पहिले पाच सामने ओळीने जिंकले, आणि संघ बाराव्या स्थानी सुखरूप राहिला.

इथे धीराची बाजू घेणाऱ्याची खरी परीक्षा आहे. क्लब म्हणजे केवळ मॅनेजर नव्हे. संघ खाली उतरला की उत्पन्न कोसळते, आणि मग कचेरीतला कारकून, मैदानाचा माळी, स्वयंपाकघरातली बाई यांच्या नोकरीवर गदा येते. मॅनेजरला करारभंगाची भरपाई मिळते. माळ्याला भरपाई कोण देणार? एका माणसाची कदर करण्यासाठी शंभर घरांच्या चुली पणाला लावाव्यात, हे काही उदारपणाचे लक्षण नव्हे. ती उदारी दुसऱ्याच्या खिशातून केलेली असते. कृतज्ञता ही पदाने फेडायची गोष्टच नाही. ती फेडायची मानाने, सत्य बोलण्याने, निरोप देण्याच्या रीतीने. वडिलांनी संसार उभा केला म्हणून ऐंशीव्या वर्षी त्यांच्या हाती मोटारीचे चाक देत नाहीत. पण चाक काढून घेताना त्यांना वाहन चालवता येतच नव्हते असेही म्हणत नाहीत.

माझ्या मते अन्याय असतो तो इथे. तो नोकरी जाण्यात नसतो, तिच्याबरोबर जोडलेल्या खोट्यात असतो. मॅनेजर गेला की सर्वांचे हात धुतले जातात. सुमार खेळाडू चढ्या भावाने कोणी घेतले? मालकाने. न जुळणारा मॅनेजर कोणी निवडला? संचालकांनी. सराव चुकवून कोण बसले? खेळाडू. पण खेळाडू विकण्याची मुभा उन्हाळ्यात आणि जानेवारीतच असते, मालक स्वतःला काढून टाकत नसतो, आणि पंचवीस माणसे बदलण्यापेक्षा एक बदलणे सोपे. म्हणून बळीचा बकरा ठरतो. बकऱ्याच्या पाठीवरून सगळ्यांची पापे गावाबाहेर जातात, आणि गाव होते तसेच राहते. साउदॅम्प्टनने २०२२-२३ च्या एकाच हंगामात दोन मॅनेजर काढले, तिसरा आणला, आणि संघ तरीही सर्वांत तळाला राहून खाली गेला. बकरे संपले, पापे राहिली.

तेव्हा काढावे की ठेवावे, याची कसोटी कोणती? मास्तरकीत एक गोष्ट मला कळली आहे. सहामाहीत मुलगा नापास झाला की त्याच्या गुणांकडे पाहायचे नसते, वहीकडे पाहायचे असते. काही मुले नापास होतात, पण त्यांच्या वहीत रोज एक पाऊल पुढे पडलेले असते. काही पास होतात आणि वही कोरी असते. क्लबनेही स्वतःला विचारावे: मागचे तीन सामने नशिबाने आपण जिंकलो असतो, चेंडू खांबाला लागून बाहेर जाण्याऐवजी आत गेला असता, तरी या माणसाला आपण आज काढले असते का? उत्तर होय असेल, म्हणजे खेळाडूंचा त्याच्यावर विश्वास उरला नसेल, सराव विस्कळीत झाला असेल, त्याच्याजवळ पुढचा मार्गच नसेल, तर हंगामाचा मध्य असो की शेवट, काढावे. थांबणे हाच मग इतरांवर अन्याय होईल. उत्तर नाही असेल, तर दोष माणसाचा नाही, खांबाचा आहे. आणि काढायचेच ठरले, तर ज्यांनी त्याला नेमले त्यांनी आपला वाटा आधी उघडपणे बोलून दाखवावा.

मॅनेजर मंडळी काही धुतल्या तांदळासारखी असतात असे नव्हे. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये, हंगाम सुरू झालेला असताना, ग्रॅहम पॉटर ब्रायटन सोडून श्रीमंत चेल्सीकडे गेला. पुढच्या एप्रिलमध्ये चेल्सीने त्याला हंगाम संपण्याआधीच नारळ दिला. आपल्या मुंबई सिटीचा मॅनेजर डेस बकिंगहॅम २०२३ च्या नोव्हेंबरात अर्ध्यावरच इंग्लंडला निघून गेला. त्याला कोणी काढले नव्हते. मागे राहिलेल्या संघाने पेत्र क्रात्कीच्या हाताखाली मे २०२४ मध्ये कलकत्त्यात मोहन बागानला हरवून आयएसएल कप जिंकला. निष्ठा ही दोन्ही हातांनी वाजणारी टाळी आहे. एका हाताने ती मागणाऱ्या क्लबला आणि एका हाताने ती मोडणाऱ्या मॅनेजरला, दोघांनाही तक्रारीचा हक्क थोडाच उरतो.

या दिवसांत घरी माणसे जमतात आणि फराळाबरोबर वर्षाचा हिशेबही निघतो. कोणाचा धंदा बसलेला असतो, कोणाच्या मुलाचे वर्ष वाया गेलेले असते, कोणाच्या संसाराचे पहिले सहा महिने जड गेलेले असतात. अशा वेळी घरातला कोणी ना कोणी बोट दाखवायला माणूस शोधतोच. त्याला एवढेच म्हणावे, की गुणतक्ता ठेव बाजूला आणि वही काढ. वहीत काही नसेल तर बोलू. असेल तर हंगाम अजून पुष्कळ उरला आहे.