विस्मरण हा अपराध आहे काय?

पाठ केलेले वचन पुढील रविवारी न आठवणाऱ्या मुलास 'आळशी' अथवा 'मठ्ठ' म्हणण्याची वहिवाट आपल्या कित्येक शब्बाथशाळांत आहे. परंतु अपराध ठरण्यास मनाची संमती लागते, आणि विसरताना ती कोणी देतो काय?

एबिंगहाउस नामक जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या स्मरणावर केलेले प्रयोग 1885 साली प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरांच्या माळा पाठ करून त्या किती वेळाने किती उरतात, हे त्याने मोजले. पहिल्या तासातच निम्म्याहून अधिक श्रम वाया गेले. पुढे विसरण्याचा वेग मंदावला. असली रुक्ष अक्षरे चिकाटीने घोकणाऱ्यास आळशी कोण म्हणेल? त्यास असेही आढळले की, एका दिवशी 68 आवृत्त्यांनी जे साधते, ते तीन दिवसांत विभागलेल्या 38 आवृत्त्यांनी साधते. आणि अर्थपूर्ण काव्य पाठ होण्यास त्या अक्षरांच्या सुमारे दशांशच श्रम पडतात.

आता जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांकडे पाहू. घरी वारली किंवा कोकणा बोली बोलणाऱ्या लेकरास 'नीतिमत्त्व', 'प्रायश्चित्त' हे शब्द त्या निरर्थक अक्षरांहून फारसे निराळे नाहीत. तेच लेकरू पहिल्या पावसानंतर रानात कोणती भाजी खाण्याजोगी व कोणती नव्हे, हे पानावरून सांगते. आम्हां शिकलेल्यांस एकसारखे दिसणारे तण नागलीच्या रोपांतून अचूक उपटते. ही दृष्टी व हे स्मरण त्यास कोणी छडीने दिले नाही. शिवाय दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे वसई-भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडी परततात. इतके महिने उजळणी नसता पाठ राहावा कसा? अशा लेकरास मठ्ठ म्हणणे ही आमच्या मते शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष होय.

सर्वच विस्मरण निर्दोष आहे असे मात्र नाही. उसनी दिलेली पायलीभर नागली देणाऱ्याच्या ध्यानात राहते, घेणाऱ्याच्या राहत नाही! तेथे मनाची संमती बहुधा असतेच.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीस बालशिक्षणाचे कार्य आरंभिले व 1957 साली ते आपल्याच जिल्ह्यातील कोसबाडास नेले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांस दोष न देता त्यांनी शाळाच पाड्यांवरील अंगणांत व गुरे चारण्याच्या कुरणांत नेली, आणि पाने, खडे, बिया यांवरून शिकविले. मोशेनेही आज्ञा शिकविण्यास एकच वार नेमला नाही. घर, वाट, रात्र व सकाळ ही सर्व त्याने त्या कामी लाविली.

तेव्हा शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी एका रविवारी पाच वचने देण्याऐवजी एकच द्यावे, त्याचा अर्थ प्रथम मुलांच्या बोलीत सांगावा, व मंगळवारी, शुक्रवारी वाटेत भेटल्यावर सहज विचारावे. भट्टीवर निघणाऱ्या घरास ते वचन गाण्याच्या चालीवर बांधून द्यावे, म्हणजे माय विटा थापताना ते गुणगुणेल व लेकरू ऐकेल.