रिकामी बादली

पहाटे पाचला आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर माग दिसला. कासवीण वाळूत चढली होती आणि अंडी घालून परत पाण्यात गेली होती. मी काठी टोचत गेले. एका जागी वाळू भुसभुशीत लागली. मामा बॅटरी धरून उभा होता. हर्णैच्या बंदरात त्याची होडी आहे, आणि समुद्राचं वेड मला त्यानेच लावलं.

"आता?"

"उकरायचं. दीड फुटावर शंभरेक अंडी असतील. दोनेक तासांत हॅचरीत पुरायची. उशीर झाला की आतला जीव कवचाला चिकटतो, मग अंडं फिरलं तर गेलंच."

"आणि नाही उकरलंस तर?"

भरतीची रेषा बरीच खाली होती. पाण्याचं भय नव्हतं.

"कोल्हा आहे, कुत्री आहेत."

"कोल्हा तुझ्या आधीपासून आहे."

"कुत्री नाहीत, मामा. ती आपल्या उष्ट्यावर वाढली."

"मग कुत्री आवर. तिचं घरटं कशाला मोडतेस?"

मी चिडले. "तुम्ही अंडी उकरून खात होतात, तेव्हा?"

"खात होतो. लपवू कशाला? २००२ला पलीकडे वेळासला कासवं वाचवायचं काम सुरू झालं, तेव्हा अंडी उचलणं बरोबरच होतं. चोर आम्हीच होतो. पण आता कोण खातं? चोर गेला तरी तिजोरी हलवायची सवय काही जात नाही." तो जरा थांबला. "की पाहुण्यांना पिल्लं दाखवायला एका जागी लागतात?"

हे लागलं, कारण थोडं खरं होतं. कासव महोत्सवाच्या पाहुण्यांमुळेच गावं कासवांच्या बाजूला आली. पण हॅचरीमुळे आमचीही सोय होते, हे आम्ही मोठ्याने बोलत नाही.

"आणखी एक सांगू?" मीच म्हणाले. "वाळू जास्त तापली तर माद्याच निघतात. गार राहिली तर नर."

"म्हणजे हॅचरीवर छप्पर कुठे घालायचं ते तू ठरवणार, आणि मुलगा की मुलगी तेही?"

"तुझ्या जाळ्यात मरतात त्यांचं काय?"

"मागच्या साली एक अडकलं. जाळं कापलं."

"२५ हजारांपर्यंत भरपाई मिळते. फोटो काढलास?"

"राहिला. ते पोहत गेलं, ते बघत बसलो."

ओडिशात २०२१ला टॅग लावलेलं एक कासव २०२५ला गुहागरला अंडी घालून गेलं, ते मला आठवलं. मामाला सांगितलं.

"बघ. इतकं फिरून ती जागा निवडते, आणि तू तिला जागा शिकवणार."

"तिने निवडली तेव्हा त्या रिसॉर्टचा दिवा बंद होता. पिल्लं निघतील त्या रात्री चालू असला, तर ती दिव्याकडे चालत जातील."

मामाने दिव्याकडे पाहिलं, मग वाळूकडे. यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि मला त्याचा आनंदही झाला नाही.

"किती दिवस लागतात?"

"पन्नासेक."

त्याने माझ्या हातातली बादली घेतली, वाळूवर उपडी घातली आणि तिच्यावर बसला.

"जा, जाळी आण वर घालायला. आणि त्या दिव्यावाल्याशी तू बोल. माझं तो ऐकायचा नाही."

"होडीवर कोण जाणार?"

"आजच्यापुरतं विचार."

साडेपाच वाजले होते. अंडी अजून उचलता आली असती. मी जाळी आणायला निघाले.