माध्यान्हीचा चेहरा : रस्त्यावरील छायाचित्रणातील एक नैतिक प्रश्न

रस्त्यावरील छायाचित्रणाचे समर्थन बहुधा एका साध्या अनुमानावर उभे असते. रस्ता सर्वांचा आहे. रस्त्यावर येणारी व्यक्ती आपण इतरांच्या नजरेस पडणार हे गृहीत धरूनच बाहेर पडते. म्हणून तिचे छायाचित्र घेण्यास वेगळ्या संमतीची गरज नाही. या अनुमानातील मधली पायरी मात्र सर्व शहरांत आणि दिवसाच्या सर्व प्रहरी सारखीच खरी ठरत नाही. पॅरिस, न्यूयॉर्क अशा शहरांत घडलेली ही दृष्टी मुंबईसारख्या उष्ण शहरात आणली की ‘बाहेर पडणे’ या क्रियेचाच अर्थ बदलतो. बाहेर पडण्यासाठी आधी ‘आत’ असावे लागते.

मे महिन्यातील मुंबईचा एक दिवस या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. हे शहर सुमारे 19 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यास, आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस, सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो व उभ्या माणसाची सावली त्याच्या पायाखाली नाहीशी होते. पारा तेहतीस-चौतीस अंशांच्या आसपास असला तरी दमट हवेत घाम वाळत नाही. छायाचित्रकाराच्या लेखी हा प्रहर निरुपयोगी असतो : कपाळ पांढरे पडते, डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, चेहरा वाचता येत नाही. म्हणून तो सकाळचे आणि संध्याकाळचे तिरपे ऊन पसंत करतो. परंतु सकाळचे हे ऊन पदपथावरच्या नळाशी अंघोळ करणाऱ्या, मुलांना न्हाऊ घालणाऱ्या, पांघरूण आवरणाऱ्या माणसांवर पडते. ज्यांची न्हाणीघरे भिंतीआड आहेत त्यांची सकाळ छायाचित्रात येत नाही. दुपारी ही विषमता आणखी तीव्र होते. ज्यांना पंख्याखाली वा वातानुकूलित खोलीत जाणे शक्य आहे ते रस्त्यावरून नाहीसे होतात; मस्जिद बंदरच्या बाजूला हातगाडीवाला आपल्याच गाडीच्या सावलीत आडवा होतो, पाटीवाला रिकामी पाटी डोक्याखाली घेतो. ऊन अशा रीतीने शहराची एक निवड करीत असते. कोण दिसेल आणि कोण दिसणार नाही, हे कॅमेरा उघडण्यापूर्वीच ठरलेले असते.

तेव्हा सार्वजनिक जागी असणे आणि स्वतःला सार्वजनिक करणे या दोन गोष्टी वेगळ्या मानणे भाग आहे. भारतीय न्यायविचारातही हा भेद आलेला आहे. 1985 च्या ऑल्गा टेलिस प्रकरणात पदपथावर राहणाऱ्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेच्या, म्हणजेच जगण्याच्या हक्काशी जोडला. पदपथावर राहणे ही हौस नसून निरुपाय आहे याची तेथे दखल घेतली गेली. 2017 च्या पुट्टस्वामी निकालात व्यक्ती केवळ सार्वजनिक ठिकाणी आहे म्हणून तिची खासगीता संपत नाही, असे प्रतिपादन आहे. या दोहोंना एकत्र वाचले तर पदपथावरची झोप ही रस्त्यावर घडत असूनही खासगीच ठरते. कायदा छायाचित्रकाराला अडवील की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे. नैतिक प्रश्न त्याच्याही आधी उभा राहतो.

यावर कलेच्या बाजूने दिले जाणारे उत्तर मराठी सौंदर्यविचाराला परिचित आहे. भट्टनायक-अभिनवगुप्तांच्या परंपरेतील साधारणीकरणाच्या सिद्धांतानुसार कलाकृतीतील व्यक्ती आपले देशकालबद्ध ‘विशेष’पण सोडून साधारण होते. हे मान्य केल्यास छायाचित्रातील हातगाडीवाला हा अमुक एक माणूस राहत नाही. तो श्रमाचे, उन्हाचे, विश्रांतीचे रूप होतो. पण ही भूमिका काव्याला जितकी लागू पडते तितकी छायाचित्राला पडत नाही. अरुण कोलटकरांच्या ‘काळा घोडा पोएम्स’ (2004) या इंग्रजी संग्रहात त्या चौकातील रस्त्यावरची माणसे येतात. शब्दांतून जाताना त्यांचे चेहरे कवितेचे होतात, आणि वाचकाला त्या चौकात जाऊन एखाद्याकडे बोट दाखवता येत नाही. छायाचित्रात ते दाखवता येते. रोलाँ बार्थ यांनी 1980 च्या आपल्या अखेरच्या पुस्तकात छायाचित्राचे सार ‘हे होते’ या निर्विवादतेत पाहिले, ते याच अर्थाने. ज्या गुणामुळे छायाचित्र साहित्याहून वेगळे ठरते, तोच गुण त्याला साधारणीकरणाचे संरक्षण घेऊ देत नाही. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (1974) मांडलेल्या लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद यांच्या परिभाषेत सांगायचे तर छायाचित्र आस्वादाच्या क्षणी अलौकिक भासले तरी लौकिकाशी त्याची नाळ तुटत नाही.

याउलट सुझन सोंटाग यांची भूमिका (‘ऑन फोटोग्राफी’, 1977) छायाचित्र घेणे म्हणजे घेतल्या गेलेल्याचा ताबा मिळवणे, अशी आहे. तिच्यात तथ्य आहे. पण प्रत्येकच छायाचित्र ताबा असेल, तर बरे छायाचित्र आणि वाईट छायाचित्र यांत फरक करण्याचे साधन उरत नाही. मुंबईवर 1994 मध्ये पुस्तक केलेल्या रघुवीर सिंह यांनी ‘रिव्हर ऑफ कलर’च्या (1998) प्रस्तावनेत पाश्चात्त्य आधुनिकतेतील परात्मभाव आणि अपराधभाव भारतीय दृष्टीला परका असल्याचे मांडले होते. संध्याकाळच्या गिरगाव चौपाटीवर या म्हणण्याचा प्रत्यय येतो. तेथे माणसे कॅमेऱ्यासमोर स्वतःहून उभी राहतात, केस सारखे करतात, मुलाला पुढे करतात, किंवा पदर ओढून तोंड फिरवतात. पाहणे तेथे दुतर्फा असते. पण दुतर्फा पाहण्यासाठी दोन्ही बाजू जाग्या असाव्या लागतात.

येथून एक निकष हाती येतो. संमती आधी शब्दांत मिळालीच पाहिजे असे नाही. नकार मात्र शक्य असला पाहिजे. वळलेली मान, वर आलेला तळहात, रोखून पाहिलेली नजर हेही नकाराचे प्रकार आहेत, आणि ते ओळखणे ही छायाचित्रकाराची जबाबदारी आहे. वॉकर इव्हान्स यांनी 1938 ते 1941 या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाखाली कॅमेरा लपवून प्रवाशांची छायाचित्रे घेतली आणि त्यांचे पुस्तक 1966 मध्ये प्रसिद्ध केले. मधल्या वर्षांनी चेहऱ्यांचा ताजेपणा कमी केला, पण हिरावलेला नकार परत दिला नाही. आज हातातल्या फोनवरून छायाचित्र क्षणात सर्वदूर जाते. तेथे इव्हान्स यांनी पाळलेला विलंबही उरलेला नाही.

या निकषावर गाडीखाली निजलेल्या माणसाचा चेहरा घेता येत नाही. त्यावर आक्षेप येईल : मग त्याचे कष्ट अदृश्यच राहणार काय? आक्षेप गंभीर आहे, कारण न दाखवणे हीदेखील एक सोयीची गोष्ट असते. दंगल वा अत्याचार यांच्या छायाचित्रांत साक्षीचे प्रयोजन चेहऱ्याच्या हक्कापेक्षा कधी मोठे ठरू शकते. तेथे प्रत्येक वेळी वेगळा न्याय करावा लागेल. परंतु रोजच्या दुपारीत अदृश्य असते ते त्या माणसाचे दमलेपण नव्हे. झाडे तोडून रुंद केलेला रस्ता, बंद फाटकाआडची रिकामी सावली, पाणी न येणारा नळ, गाडीएवढीच उरलेली विसाव्याची जागा, या गोष्टी अदृश्य असतात. त्यांना चेहरा नाही आणि त्यांच्या नकाराचा प्रश्नही नाही. छायाचित्रकार ज्या प्रहराला निरुपयोगी म्हणून सोडून देतो, त्याच प्रहरी त्या सर्वांत स्पष्ट दिसतात.