मंडळीचा गळा

आमच्या चर्चच्या गेल्या वार्षिक सभेत जमाखर्च दहा मिनिटांत मंजूर झाला आणि पुढचे दोन तास ड्रमसेटवर गेले. ज्येष्ठांचे म्हणणे असे की उपासनेचा ऑर्केस्ट्रा झाला आहे आणि ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक कपाटात पडून आहे. तरुण संघाचा प्रश्न होता, त्याच चाली त्याच संथ लयीत आणखी किती वर्षे गायच्या? शेवटी पाळकसाहेबांनी तोडगा काढला: पहिल्या व तिसऱ्या रविवारी पेटी-तबला, दुसऱ्या व चौथ्या रविवारी बँड. वाद मिटला नाही, वाटून घेतला गेला. आता आपापला रविवार पाहून लोक येतात. प्रभुभोजनाला एकत्र बसणारी माणसे गाण्यासाठी एकत्र बसत नाहीत, याचे मला फार दुःख आहे.

पेटी आपली आणि कीबोर्ड परका, हा युक्तिवाद त्या सभेत वारंवार झाला. पण हार्मोनियमचे पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये घेतले गेले. मिशनऱ्यांच्या हातून ते वाद्य आपल्या उपासनेत आले आणि पुढे भजनी मंडळांनीही ते आपलेसे केले. याच पेटीला परके ठरवून आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके दूर ठेवले होते. वाद्य कुठून आले यावर भांडण्यात अर्थ नाही. ते कोणाच्या गळ्याला साथ देते, हे पाहावे.

नारायण वामन टिळकांनी नेमके हेच पाहिले होते. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ते अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये आले, तेव्हा मराठी मंडळ्या बऱ्याच अंशी इंग्रजी स्तोत्रांचे अनुवाद इंग्रजी चालींवर गात होत्या. कृष्णराव सांगळे यांनी त्याआधीच कीर्तनाची वाट मोकळी केली होती. टिळकांनी अभंग आणि भजन थेट उपासनेत आणले. त्यामागे ते कवी असल्याचे कारण होतेच, पण भजनाची रचनाही होती. एकाने ओळ सांगायची, सर्वांनी ती उचलायची, ध्रुपदावर परत यायचे. अक्षरओळख नसलेली बाई तिसऱ्या आवर्तनाला पुस्तकाशिवाय गाऊ लागते. त्याहून जुना दाखला फादर थॉमस स्टीफन्स यांचा. मूळचे इंग्रज असलेल्या या धर्मगुरूंनी गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ रचले. १६१६ साली ते छापले गेले, आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ ख्रिस्ती लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या म्हटला. ओवी कानाला आधीच ओळखीची होती.

आजच्या स्तुती-आराधनेविषयी माझी तक्रार इथे आहे, गिटारविषयी नाही. पडद्यावर येणारी बरीच गीते इंग्रजी गाण्यांचे अनुवाद असतात. इंग्रजी चाल शब्दांतल्या आघातांवर चालते, मराठी कान अक्षरांचे ऱ्हस्वदीर्घ मोजतो. त्या चालीत मराठी शब्द कोंबले की ‘प्रभु’ची मात्रा नको तिथे ताणली जाते आणि क्रियापद श्वासाच्या मधोमध तुटते. टिळकांच्या आधीची अवस्था, फक्त आवाज वाढवून, परत आली आहे. त्यात दर पंधरवड्याला गीत बदलते आणि पट्टी विशीतल्या गायकाच्या सोयीची असते. मागच्या बाकांवरचे लोक दोन ओळी प्रयत्न करतात, मग नुसते ऐकतात. उपासक श्रोता झाला, हे नुकसान मोठे आहे.

मात्र ज्येष्ठांनी टिळकांना राखले, हेही मला मान्य नाही. त्यांची भजने आपण पुस्तकात डोके घालून, टाळ न वाजवता, सगळी कडवी एका सुरात उरकतो. सांगणारा नाही, उचलणारे नाहीत. तरुणांना जे रडके वाटते ते टिळकांचे नाहीच, ते आपल्या सवयीचे आहे. शिवाय इंग्रजी माध्यमात वाढलेल्या मुलांना ‘मराठी वाचता येत नाही’ म्हणून मागे बसवले गेले. बँडने त्यांना पुढे उभे राहायला जागा दिली. तो मान त्यांना आधी आपण द्यायला हवा होता.

‘आपली परंपरा’ म्हणताना आणखी एक गोष्ट मनाला टोचते. नगर भागातल्या अनेक ख्रिस्ती घराण्यांचे पूर्वज महार-मांग समाजांतून आले. हलगी हे मांगांच्या हाती पिढीजात असलेले वाद्य, पण त्याबरोबर गावकीची सक्तीही आली. हलगी खाली ठेवणे कित्येकांसाठी मुक्ती होती. म्हणून ‘देशी वाद्ये परत आणा’ असे मी सहजपणे म्हणू शकत नाही. नातवाला ती हलगी आज स्वखुशीने, वेदीसमोर वाजवावीशी वाटली तर तिचा अर्थ पालटेल, पण तो निर्णय त्याचा असावा. अशा वेळी ड्रमसेट वाजवणाऱ्या मुलाकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. त्या वाद्याला जातीचा इतिहास चिकटलेला नाही.

आमच्या तरुण संघातला एक मुलगा मराठीत गाणी लिहितो. कॉलेजात म्हणतो, मित्रांना ऐकवतो. चर्चसाठी लिही, असे त्याला आजवर ज्येष्ठांनी सांगितले नाही आणि बँडनेही नाही. पुढच्या सभेसाठी मी लेखी सूचना दिली आहे. रविवारांची वाटणी रद्द करावी, गीताची पट्टी दोन स्वर उतरवावी, एकच गीत सलग दोन महिने ठेवावे, आणि पहिले गीत त्या मुलाकडून मागावे. पेटीवाल्या काकांनी आणि गिटारवाल्या पोरीने मिळून चाल बसवावी. काकांना मी विचारले आहे. ते म्हणाले, आधी शब्द दाखव.