दहाव्या वर्षीचा खर्च

विजयदुर्गापासून गिर्ये, रामेश्वर, पडेलपर्यंत कुठल्याही मराठी शाळेत जा, गेलेल्या माणसांची नावे भेटतात. पंख्याच्या पात्यावर, पाण्याच्या टाकीवर, घड्याळाखाली, लोखंडी कपाटाच्या दारावर. वर ‘कै.’, मग नाव, त्याखाली ‘यांच्या स्मरणार्थ’, मुलांची नावे आणि शेवटी बहुधा ‘मुंबई’. गिरणीत नाहीतर गोदीत आयुष्य काढलेल्या बापाचे नाव, तो ज्या शाळेत चौथीपर्यंत शिकला तिथे राहावे, एवढीच मुलांची इच्छा असते. त्या इच्छेला माझा नमस्कार आहे. बाराव्या-तेराव्याचे जेवण आटोपते घेऊन उरलेले पैसे शाळेला देणारी घरे आमच्याकडे पूर्वीपासून आहेत, आणि त्यांतली पुष्कळशी हातावर पोट असलेली आहेत.

अशाच एका कपाटाबद्दल सांगतो. दारावर पांढऱ्या ऑइलपेंटने नाव काढलेले आहे. पेंटरने अक्षर मन लावून काढले आहे. समुद्रावरून येणारा वारा खारा, त्यामुळे खालच्या पत्र्याचे पापुद्रे सुटलेत. किल्ली फिरवताना बाईंना दाराला गुडघ्याने रेटा द्यावा लागतो. वरच्या कप्प्यात गोष्टींची पुस्तके, मधल्यात नकाशांच्या गुंडाळ्या, तळाला पोषण आहाराच्या नोंदवह्या. बाई पुस्तके मुलांच्या हातात नेमाने देतात. पण कपाट आले त्या वर्षानंतर त्यात नवे पुस्तक आलेले नाही. तिसरीतली एक मुलगी एकेक पुस्तक बाजूला सारत म्हणाली, ‘‘ह्या वाचलंय. ह्या पण वाचलंय.’’ देणाऱ्या घराला हे कळले, तर ते लोक पुढच्याच गाडीने पुस्तकांचा खोका पाठवतील. त्यांना कोणी कळवलेले नाही. आणि कपाट पोचल्यावर त्यांनीही पुन्हा विचारलेले नाही.

बक्षिसाच्या ठेवींचेही असेच होते. समजा, 1985 साली कोणी आईच्या नावाने शाळेत 1000 रुपयांची कायम ठेव ठेवली. व्याज 10 टक्के धरले, तर वर्षाला 100 रुपये यायचे, आणि त्या 100 रुपयांना तेव्हा वजन होते. आज 7 टक्के धरले, तर त्याच ठेवीचे 70 रुपये होतात. तेही जातात पहिल्या आलेल्या मुलाला. पहिला येणारा मुलगा बहुतेक वेळा ज्या घरात अभ्यासाला जागा आणि विचारपूस करणारे कोणी आहे, त्याच घरातला असतो. त्याचे कौतुक व्हायलाच हवे. पण जिच्या नावाची ती ठेव आहे, त्या माउलीने हयातीत शेजारच्या कुठल्या पोराच्या हातावर लाडू ठेवला असता, हे तिच्या मुलांनी आठवून पाहावे.

माणूस गेल्यावर पहिल्या वर्षी देणे सोपे असते. दुःख ताजे असते, हात सैल असतो, नातेवाईक जमलेले असतात. स्मारकाची खरी परीक्षा दहाव्या वर्षी येते, जेव्हा दुःख निवलेले असते आणि खर्च मात्र तसाच उभा असतो.

या बाबतीत आपल्याला शिकवू शकेल अशी एक जागा विजयदुर्गच्या माणसांना चांगली ठाऊक आहे. मूल फार आजारी पडले, इथल्या डॉक्टरांनी मान हलवली, की घरातले वडीलधारे म्हणतात, ‘‘वाडियात न्हेवक होया.’’ परळचे वाडिया. सर नेस आणि सर कुसरो वाडिया या दोघा भावांनी वडिलांच्या नावाने नवरोजी वाडिया प्रसूतिगृह 1926 साली उभे केले आणि आईच्या नावाने बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय 1929 साली. केवळ मुलांसाठी वेगळे रुग्णालय ही कल्पना तेव्हा आपल्याकडे नवी होती. जेरबाई स्वतःही अशाच वळणाच्या होत्या. नवरोजी 1899 साली वारले, त्यानंतर त्यांनी मुंबईतल्या गरीब पारशी कुटुंबांसाठी कमी भाड्याच्या घरांच्या वसाहती बांधायला घेतल्या. नवऱ्याच्या आठवणीत बायकोने घरे बांधली आणि आईच्या आठवणीत मुलांनी दवाखाना बांधला. देण्याची रीत त्या घरात अशी खाली उतरली.

वाडिया मूळचे जहाजे बांधणारे. लवजी नसरवानजी 1736 साली सुरतेहून मुंबईला गोदीच्या कामासाठी आले. त्याच शतकात आमच्या वाघोटन खाडीत, गिर्ये इथे, मराठ्यांच्या आरमाराची गोदी होती. पुढे जहाजांचे दिवस सरले, गिरण्यांचे आले. नवरोजींनी 1879 साली बॉम्बे डाइंगचा पाया घातला. त्या गिरण्यांत साचे चालवायला कोण होते? आमच्याच वाड्यांतली माणसे. विजयदुर्गच्या धक्क्यावरून आगबोटीत बसून मुंबईला उतरलेली, परळ-लालबागच्या चाळीत एका खोलीत पाळीपाळीने झोपलेली, महिन्याला मनीऑर्डर करणारी. म्हणून वाडियाच्या व्हरांड्यात मूल मांडीवर घेऊन बसलेल्या कोकणातल्या आईने आपण कोणाच्या उपकाराखाली आहोत असे मनात आणू नये असे मला फार वाटते. त्या भिंतींत तिच्या आजेसासऱ्याचा घाम आहे. म्हणून त्या दोघा भावांचे दान कमी ठरत नाही. गिरण्या पुष्कळांच्या होत्या, आईच्या नावाने मुलांचा दवाखाना काढायचे थोड्यांच्याच मनात आले. पण देणाऱ्याने आपला पैसा कोणाकोणाच्या हातून आपल्यापर्यंत आला हे लक्षात ठेवले, तर देताना मान आपोआप खाली राहते.

या रुग्णालयांची जबाबदारी पहिल्यापासून एकट्या कुटुंबावर टाकलेली नव्हती. वाडिया घराण्याचा पैसा, सोबत महापालिका आणि सरकार, अशी ती मांडणी होती, आणि गरिबाच्या मुलाला उपचार परवडले पाहिजेत हा तिचा हेतू होता. शंभर वर्षे होत आली, ती रुग्णालये चालू आहेत ती या मांडणीमुळे. तिला तडेही गेले. जानेवारी 2020 मध्ये महापालिका आणि सरकारकडून येणारा निधी थकला म्हणून नवे रुग्ण घेणे थांबवायची वेळ आल्याचे व्यवस्थापनाने सांगितले. पालिकेचे म्हणणे वेगळे होते. परळमध्ये लोक रस्त्यावर उतरले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, मग पैसे सुटले. ज्यांची मुले त्या आठवड्यात खाटेवर होती त्यांना या वादात कोणाचे बरोबर होते हे कळायचे काही कारण नव्हते. कोनशिला बसवताना तिथे सनई वाजते. पण औषधांचे, परिचारिकांच्या पगाराचे, चादरी धुण्याचे पैसे दरवर्षी नव्याने उभे करावे लागतात, आणि तेव्हा तिथे सनई नसते.

कोल्हापूर आम्हाला घाट चढून गेले की लागते. तिथली गोष्ट राजघराण्यातली असली तरी दुःख कोणत्याही घरातलेच आहे. शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी जून 1918 मध्ये शिकारीत अपघात होऊन गेले. मागे अगदी लहान वयाची विधवा सून इंदुमतीदेवी. महाराजांनी सुनेच्या शिक्षणाची व्यवस्था केली, आणि भोवतीच्यांचा विरोध पत्करून केली. 1920 साली मुलाच्या नावाने प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग सुरू झाले. खेड्यातल्या मुलाला कोल्हापुरात शाळा होती, पण रात्री पाठ टेकायला जागा आणि दोन वेळचे जेवण नव्हते, हे महाराजांना कोणी नव्याने सांगायला नको होते. 1901 पासून ते निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढतच होते, अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी 1908 साली मिस क्लार्क बोर्डिंग निघाले होते. मुलगा गेल्यावर त्याच्यासाठी काय करावे, असा शोध त्यांना घ्यावा लागला नाही. चालू असलेल्या कामाला त्यांनी मुलाचे नाव जोडले. मला हे फार मोलाचे वाटते. आधीपासून माहीत असलेल्या गरजेला दुःख जोडले गेले की ते स्मारक टिकते. दुःख झाल्यावर गरज शोधायला निघालेला माणूस बहुधा कपाटापाशी थांबतो.

आमच्या खाडीच्या वरच्या अंगाला खारेपाटण आहे. गाडगेबाबांच्या चरित्रात त्या गावाचे नाव येते. 1923 साली बाबांचे तिथे कीर्तन चालू असताना त्यांचा एकुलता एक मुलगा गोविंद गेल्याची बातमी येऊन पोचली. बाबांनी कीर्तन थांबवले नाही. बापाचे काळीज त्या घटकेला काय सोसत असेल, याचा विचार मी खारेपाटणचा पूल ओलांडताना करतो. पुढे बाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे धर्मशाळा बांधल्या, आणि त्यांवर आपल्या घरच्यांचा हक्क राहू दिला नाही. परगावाहून मुंबईत उपचारांना आलेल्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देणारी दादरची धर्मशाळा पुढे त्यांच्याच नावाने उभी राहिली. वाडियांच्या घराने नाव दिले, गाडगेबाबांनी मुलाचे नाव कुठेच दिले नाही. यातले श्रेष्ठ कोणते, हा वाद मला नको आहे. कोणाला कोरलेल्या नावाने धीर येतो, कोणाला येत नाही. दोन्हीकडे परगावच्या आजारी माणसाला छप्पर मिळाले आहे.

आता आमच्या गावाकडे येतो. विजयदुर्गातून मूल घेऊन परळला जायचे म्हणजे आधी एसटी किंवा भाड्याची गाडी करून कणकवली गाठायची, तिथून कोकण रेल्वे. उपचार पुष्कळदा फुकट होतात, महात्मा फुले जन आरोग्य योजनेसारखी सोय आहे. पण गाडीभाडे त्यात येत नाही. आईबरोबर दुसरे कोणी राहिले तर त्याचे जेवणखाण येत नाही. बाप होडीवर खलाशी असेल तर तो जितके दिवस परळला, तितके दिवस त्याची कमाई बंद. धाकट्या पोराला आजीकडे ठेवले तर त्याची शाळा बुडते. मी बोललो त्या घरांपैकी कोणीही उपचारांच्या बिलाबद्दल तक्रार केली नाही. सगळे वाटखर्चाबद्दल बोलले. दोन-तीन हजार रुपये हातात नाहीत म्हणून पुढच्या तपासणीची तारीख चुकवलेली घरे आहेत. दोन-तीन हजार म्हणजे एका पंख्याची किंमत.

हे काम कुटुंबाच्या छोट्या स्मरणनिधीला पेलणारे आहे. सरकारला खलाशाच्या आजच्या अडचणीचा कागद लागतो, शेजाऱ्याला लागत नाही. शाळेतल्या बाईंना, आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना, आशाताईंना कुठल्या घरात काय चालले आहे हे आधीच माहीत असते. त्यांना विचारावे. एका घराचा निधी पुरत नसेल तर वाडीतल्या पाच घरांनी आपापल्या गेलेल्या माणसांची नावे एका वहीत लिहून एकच खाते काढावे. दरवर्षी प्रत्येकाने त्यात थोडी भर घालावी, म्हणजे त्या 1985 च्या ठेवीसारखी गत होणार नाही.

पैसे देताना फोटो काढू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे. वह्यावाटपाचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. मोठी माणसे हसत उभी असतात, आणि मधोमध एक मूल वही छातीशी धरून कॅमेऱ्याकडे बघत असते. दहा वर्षांचे मूल सगळे समजते. वर्गातल्या कोणाकडे वह्या नव्हत्या हे त्या फोटोने गावभर झालेले असते. ज्यांच्या नावाने ती वही आली, त्या आजोबांना हे खपले असते का?

आणि एक, तारखेचे. आपण पुण्यतिथीला देतो. आमच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, खलाशी घरी, आणि नेमकी तेव्हाच शाळा उघडते. गणवेश, रेनकोट, छत्री, दप्तर, वरून पहिल्या पावसाचा ताप. आंब्याचा हंगामही तोवर उलगडलेला असतो. पुण्यतिथी मार्गशीर्षात असली तरी पैसे मे महिन्याच्या अखेरीस खात्यावर पोचलेले असावेत. पुण्यतिथीला घरी नैवेद्य करा, दिवा लावा, पण दान जूनला पोचू द्या. आई-वडिलांचा त्याला विरोध असणार नाही, तेही असेच जून काढून मोठे झाले होते.

चाकरमानी गणपतीला गावी येतातच. एखाद्या संध्याकाळी आरत्या झाल्या की देवळात अर्धा तास बसावे आणि वहीतला हिशेब मोठ्याने वाचावा. कोणाच्या नावाचे किती आले, प्रवासाला किती गेले, शाळेला किती गेले. घेणाऱ्या घरांची नावे वाचू नयेत. शेवटी पुढच्या जूनला किती कमी पडणार तो आकडा वाचावा आणि वही पुढच्या माणसाकडे सरकवावी.